चुलीगणिक एक वाटा

मी बहारीनला निघालो त्या सकाळी आबा मला सोडायला तिठ्यापर्यंत आले नाहीत. अंगणापर्यंतसुद्धा आले नाहीत. आदल्या संध्याकाळी रानात डुक्कर पडलं होतं आणि उजाडल्यापासून देवळामागच्या वडाखाली वाटे घालायचं काम चाललं होतं. आमच्या गावात हे काम माझ्या वडिलांचं. जीप दारात उभी, आई डोळ्यांना पदर लावून बसलेली, आणि आबा तिकडे केळीच्या पानांपुढे उकिडवे, हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. मीच तिथवर गेलो आणि पाया पडलो. "वाटे घालताना उठूचा नसता," ते म्हणाले. "जा. पोचल्यार कळव." आणि त्यांनी पुढच्या पानावर हाड ठेवलं.

मला भयंकर राग आला होता. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे चाललाय आणि बापाला डुकराच्या बरगड्यांची पडलीय, हा विचार घाट चढेपर्यंत डोक्यातून गेला नाही. आईने डब्यात त्याच डुकराचं, सकाळीच घरी आलेल्या आमच्या वाट्याचं, सुकं दिलं होतं. ते मी रागारागातच खाल्लं, आणि सगळं खाल्लं.

गावात राहिलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखे बाहेर पडलेले, आणि ज्यांनी असले वाटे कधी पाहिलेच नाहीत असे कोणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी सांगतो. दोडामार्गाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत आमचा गाव. मागचं रान कागदोपत्री सरकारचं, पण बोलण्यात कायम सगळ्यांचं. शिकारीला पाच-पंचवीस माणसं जायची. काही हाकारे घालून जनावर उठवणार, एकदोघे ठासणीची बंदूक घेऊन वाटेवर बसणार. जनावर पडलं की ते कोणा एकाचं नसे. पहिला वाटा देवाचा. ज्याची गोळी लागली त्याला डोकं आणि मागचा एक पाय. हाकारे घालणाऱ्या प्रत्येकाला एक, कुत्र्यांना एक, आणि मग उरलेल्याचे चुलीगणिक वाटे. रानात कोणी गेलं असो वा नसो, घरात चूल पेटते ना, मग त्या घराचं पान मांडायचं. प्रत्येक पानावर थोडं मांस, थोडं हाड, थोडी कलेजी. सुईणीच्या घरी जाईल तेच खोताच्या घरी. वाटे चालू असताना वाटसरू कोणी येऊन टेकला तर त्याचंही पान.

शिंगांना आमच्याकडे काडीची किंमत नव्हती. सांबराचं एक शिंग आमच्या गोठ्यात खुंटीला ठोकलेलं होतं, त्यावर दावी टांगायचो. कोणी ते भिंतीवर लावून मिरवलं असतं तर लोकांनी त्याची वेड्यात गणना केली असती. हरणाच्या शिकारीला तेव्हाही कायद्याने बंदी होती, आणि ती योग्यच होती. आज गावाकडच्या रानात भरदुपारी भेकराची हाक ऐकू येते ती त्या बंदीमुळेच. आता शिकार पार थांबली. वाटे मात्र थांबलेले नाहीत. गाव राखणाऱ्या देवाला वर्षातून एकदा देतात तो राखणीचा बकरा, पावसाच्या तोंडावर ओढ्यात पकडलेले मासे, सगळं त्याच वडाखाली, तशाच पानांवर, तसंच चुलीगणिक जातं.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र कडू होती. वर्षभर घरात चूल पेटली नाही की त्या घराचं पान बंद. आणि ते बंद करायचं कामही आबांचंच. माझा मामा पुण्याला बिऱ्हाड घेऊन गेला तेव्हा दुसऱ्या वर्षी आबांनी सख्ख्या मेव्हण्याचं पान मांडलं नाही. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची नाही. आबांचं म्हणणं एकच, "चूल पेटता तेचा पान. नुसता घर आसा म्हणान पान नाय." त्यावर कोणाचं काही चालायचं नाही.

इथे बहारीनला माझं काम चिलरचं. मोठाल्या इमारतींना थंड हवा देणारी यंत्रं जिवंत ठेवायची. उन्हाळ्यात ती बंद पडली तर माणसं फोनवर जे बोलतात ते लिहिण्याजोगं नसतं. माहूजला आमचा फ्लॅट, दोन बेडरूमचा. बायको स्नेहल एका क्लिनिकच्या अकाउंट्सला, मुलगी ऋचा शाळेत. ऋचाला मालवणी समजते, बोलायची वेळ आली की इंग्लिश. मी स्वतः ऑफिसात इंग्लिश, टेक्निशियनांशी हिंदी, ड्रायव्हरशी "यल्ला यल्ला", आणि घरी दमून गप्प. सुरुवातीची वर्षं दर सुट्टीत गावी जायचो. सुटकेसभर साबण, अत्तरं, टॉर्च, चॉकलेटं. आई होती तोवर हे नेटाने चाललं. ती गेल्यावर आबा एकटे राहिले, आणि आमच्या फेऱ्याही विरळ झाल्या.

मग एकदा बाबलचा फोन आला. बाबल माझा चुलतभाऊ, आबांनंतर आता तोच वाटे घालतो. आबा विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडले होते. शेजारपाजारचे सगळे शेतावर, त्यामुळे दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. हाड मोडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी गेलो, जवळजवळ भांडून त्यांना घेऊन आलो. घराला कुलूप घातलं, किल्ली बाबलकडे दिली. विमानात आबा खिडकीकडे पाठ करून बसले होते.

व्हिजिट व्हिसावर आले तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, थोडे दिवस राहीन आणि जाईन. मला ते कायमचे हवे होते. फॅमिली व्हिसा, रेसिडेन्सी, सगळं करता आलं असतं, फक्त त्यांनी हो म्हणायला हवं होतं. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरने गुडघे तपासून स्पष्ट सांगितलं की या माणसाला एकटं ठेवू नका. मी ते भाषांतर करून सांगितलं. आबा म्हणाले, "डाक्टराक सांग, तिकडे माजी चूल आसा." मी डॉक्टरला सांगितलं की वडील विचार करतो म्हणतायत.

दिवस कसेबसे काढत होते. भर जुलैत घरात शाल पांघरून, कारण एसी. संध्याकाळी खाली उतरून बिल्डिंगच्या बांगलादेशी वॉचमनशी गप्पा. आबा मालवणी हिंदी बोलायचे, तो बंगाली हिंदी, आणि दोघांचं उत्तम जमायचं. पण रात्री जेवताना प्रश्न ठरलेला, तिकीट कधी काढतोस. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना एकदा तरी गावात जाऊन चूल पेटवायची होती. नाहीतर बाबलला पान बंद करावं लागेल, आणि आपल्यासाठी त्याने नियम मोडलेला त्यांना चालणार नव्हता. मी म्हणालो, एका वाट्याच्या मटणासाठी हा हट्ट? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाताकडे बघायला लागलो.

बकरी ईदला आमच्या दारात मटणाची पिशवी आली. माझ्या कंपनीचे मालक, बू खालिद, दरवर्षी पाठवतात. बू खालिद म्हणजे खालिदचे वडील. इकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. आबांनी पिशवी उघडून पाहिली. थोडं मांस, थोडं हाड, थोडी कलेजी. कोणाकोणाला जातं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक भाग घरचा, एक नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा, आणि ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी थोडं थोडं. आबांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. "हो माणूस वाटे घालता," ते म्हणाले. आणि मग हट्टच धरला, की वाटा आला तर घरी जाऊन भेटून यायला हवं.

बू खालिदचं घर अरादला. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर एका प्रचंड हरणाचं मुंडकं. शिंगं इतकी पसरलेली की त्याच्याखाली बसायला माणूस बिचकेल. मध्य आशियातल्या कुठल्याशा डोंगरात त्यांनी ते मारलं होतं, परमिटची मोठी फी भरून, हे मला ऑफिसातून माहीत होतं. आबा त्याच्यासमोर उभे राहिले. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले, तरी बसेनात. मग माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "बग. बंदूक तेची, पैसो तेचो, तरी नुसता डोक्या घेतल्यान. मागचो पाय पण घेवक नाय. बाकी सगळा वाटून टाकल्यान."

आमच्या हिशेबात डोकं म्हणजे बंदुकीचा वाटा. भिंतीवर फक्त डोकं आहे, याचा अर्थ बाकी जनावर लोकांच्या चुलीवर गेलं. दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्यांच्या मनातही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या मटणाचं काय झालं ते मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या मुंडक्याखाली बसून मी गहवा प्यायलो होतो, पण तो प्रश्न मला पडला नव्हता. मी आबांचं बोलणं भाषांतर करून सांगितलं. बू खालिद हसले, आबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आणखी खजूर पुढे केले. त्यांना आपली स्तुती कळली, कशाबद्दल ते बहुधा कळलं नाही.

मग आबांना कंठ फुटला. शिकारीचे किस्से निघाले. अडचण एवढीच की आबांच्या सगळ्या चांगल्या किश्श्यांत डुक्कर. मुसलमान घरातल्या मजलिसमध्ये डुकराचा पाठलाग कसा सांगायचा? मी प्रत्येक डुकराचं हरण केलं. सुळ्यांची शिंगं केली. चिखलात लोळणारं हरण ऐकून बू खालिदना जरा नवल वाटलं, पण इंडियात असेल तसं, म्हणून त्यांनी मान डोलावली. परतताना गाडीत आबा खुशीत होते. पुलावर आलो तेव्हा म्हणाले, "अशा माणसाच्या हाताखाली आसस, मगे हो गाव पण आपल्यासारकोच. काड ते तुजे कागद. रवतंय मी हंय."

मला जे हवं होतं ते असं अचानक पदरात पडलं. मी लगेच कागद टाकले. बू खालिदनी स्वतः माणूस पाठवून कामं करून दिली. आबांचं रेसिडेन्सी कार्ड आलं तेव्हा स्नेहलने बेसनाचे लाडू केले, आणि ते घेऊन आम्ही पुन्हा अरादला गेलो.

बू खालिद त्या दिवशी खास खुशीत होते. आबा स्वतः शिकारी, म्हणून त्यांनी आपल्या शिकारीचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. बर्फाचा डोंगर, घोडे, दुर्बीण. मग गोळी. हरण गुडघ्यावर आलं आणि आडवं झालं. "बरा मारल्यान," आबा पुटपुटले. एका गोळीत गेलेलं जनावर त्यांना मान्य होतं. मग बू खालिद त्याच्याजवळ गुडघे टेकून, शिंगं धरून फोटो काढताना दिसले. मग वाटाड्याने सुरी काढली. डोकं घोड्यावर बांधलं गेलं. सगळे उतरायला लागले, आणि कॅमेरा क्षणभर मागे वळला. बाकीचं सगळं जनावर तिथेच बर्फावर पडलेलं होतं.

आबा सरसावून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ आपल्या हिंदीत विचारलं, "साब, मटन किधर गया?"

"उधर ही," बू खालिद म्हणाले. त्यांनाही कामापुरती हिंदी येते, फक्त 'नाही'ला ते अरबी 'मफी' म्हणतात. "बर्फ बहुत, बाबा. गाडी मफी, आदमी मफी. जंगली कुत्ता खाएगा. खलास."

"जंगल किसका?"

"सरकार का. सबका. मैं परमिट लिया ना."

आबा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "सगळ्यांचा रान, आणि वाटेकरी एक पण नाय?"

हे भाषांतर मी टाळू शकलो असतो. डुकराची हरणं केलीच होती. पण आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस रागावणार. बू खालिदनी टीव्ही बंद केला. रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाबा को बोलो, मेरे साथ अपना कोई नहीं था." त्यांचे आजोबा वाळवंटात शिकारीला जायचे तेव्हा भाऊ, मेहुणे, शेजारी, नोकर, सगळा तांडा बरोबर असायचा, आणि रात्री सगळ्यांचं एका ताटात जेवण. आता एक मुलगा लंडनला, दुसरा दुबईला. ते म्हणाले, मी विचारलं होतं दोघांना, त्यांना वेळ नव्हता. म्हणून एकटाच गेलो.

आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लाडवाचा डबा उघडून एक लाडू त्यांच्या हातात दिला, आणि आम्ही उठलो.

घरी येताना मी पक्कं धरून चाललो होतो की आता तिकिटाची गोष्ट निघणार. ज्या विश्वासावर हा माणूस राहायला तयार झाला होता तो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि आता त्यांना धरून ठेवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मला भीती वाटत होती ती विहिरीच्या पायऱ्यांची. पण आबांनी तिकिटाचं नाव काढलं नाही. जेवण झाल्यावर विचारलं, "तू हंय वाटो कोणाक घालतंस?"

मी मनात दारं मोजायला लागलो. शेजारच्या दारामागे एक मल्याळी नर्स राहते, लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघून हसतो. वरच्या मजल्यावर वसईचं एक कुटुंब आहे, पण त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. ईदची पिशवी येते ती आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो आणि तिघांतच संपवतो. गावाला पाठवतो ती अत्तरं आणि टॉर्च, तेही खरं म्हणजे मी काय झालोय हे दाखवायला. ऋचा म्हणाली, "बट आजोबा, वुई डोन्ट नो एनीवन." तिने ते सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मी ताटं उचलून आत नेली.

त्यानंतर बरेच दिवस आबा वॉचमनकडे कमी जायचे. गावात राखणीचे दिवस आले होते, त्यांना ते कॅलेंडर न बघता कळतं. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बाबलला फोन लावायला सांगितलं आणि स्पीकर चालू ठेव म्हणाले. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. बाबल वडाखालीच होता.

"पानां मांडलंस?" आबांनी विचारलं.

"मांडतंय, आबा. तुमचा पयला मांडलंय."

"ता काडून टाक."

पलीकडे बाबलने कोणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "आबा, अजून वर्स होवक नाय. मी काडूचंय नाय."

"वर्साची वाट बगूक नको. मी परत येवचंय नाय. चूल पेटाची नाय." आबांचा आवाज कापत नव्हता. फोन मीच धरला होता. "माजो झील हंय एकटो आसा, बाबल. मी तेच्या चुलीत आसंय."

"तुमका मोजूक नाय तर गावात मोजूचा कोणाक?" बाबल रडत होता.

"मगे तुका वाटे घालूक येवचे नाय," आबा म्हणाले. "काड."

आम्ही थांबलो. बाबलने पान उचललं की नाही हे फोनवर दिसत नव्हतं. थोड्या वेळाने तो फक्त "काडलंय" म्हणाला, आणि आबांनी मान हलवून मला फोन बंद करायची खूण केली.

मी त्यांना इथे आणलं होतं ते तिकडे एकटे पडतात म्हणून. इतके महिने मी स्नेहलला, डॉक्टरला, बाबलला हेच सांगत होतो. आणि हा माणूस राहिला होता तो मी एकटा पडलोय म्हणून. त्यासाठी त्यांनी गावातली आपली जागा स्वतःच्या तोंडाने रद्द करून घेतली, मामाची केली होती तशीच, कुठलीही सूट न घेता. मला हवं ते मिळालं होतं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

गावकऱ्यांनो, घर अजून उभं आहे. किल्ली बाबलकडे आहे, पडवीत कोणाला भात वाळवायचा असेल तर वाळवा. पण मला आता गावी जाऊन आमचं घर म्हणताना अडखळायला होईल, आणि ते व्हायलाच हवं. इतकी वर्षं मी मनात गाव जपून ठेवला होता, तो आबा तिथे चूल पेटवत होते म्हणून जपता येत होता. ते कष्ट त्यांचे होते आणि समाधान माझं. आता ते समाधान संपलं. जे काही घर असायचं ते इथे, या दोन बेडरूममध्ये असायला हवं, आणि ते अजून नीट झालेलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी आबांनी स्नेहलला कोंबडी करायला सांगितली. मोठं पातेलं चढवायला लावलं. तयार झाल्यावर त्यांनी ऋचाला हाक मारली, शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "त्यांच्यात माणसां किती?" ऋचाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. "मगे जा आनी इचारून ये," ते मला म्हणाले. मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन त्या दाराची बेल वाजवली.